सेंटर फॉरवर्डचा पेशा

इंग्लंडमध्ये गोल करून पोट भरणे कायदेशीर ठरले २० जुलै १८८५ रोजी. त्या दिवशी फुटबॉल असोसिएशनने खेळाडूला पगार देण्यास मान्यता दिली. पैसे त्याआधीही दिले जात, पण चोरून. लँकेशायरच्या गिरणीगावांतले क्लब स्कॉटलंडहून चांगले खेळाडू बोलावत, त्यांना गिरणीत किंवा दुकानात नावापुरते काम लावून देत आणि शनिवारी मैदानात उतरवत. १८८४ मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंडविरुद्ध तक्रार झाली तेव्हा क्लबचे कारभारी विल्यम सडेल यांनी हात वर केले नाहीत. खेळाडूंना आपण कामधंदा मिळवून देतो, हे त्यांनी उघडपणे मान्य केले. प्रेस्टनला असोसिएशनच्या चषकस्पर्धेतून काढून टाकण्यात आले. मग उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी संघटना काढण्याची तयारी केली आणि वर्षभरात असोसिएशनला नमते घ्यावे लागले.

या नव्या पेशात सर्वांत जास्त मागणी पहिल्यापासून गोल करणाऱ्याला होती. त्याचे भवितव्य मात्र त्याच्या पायांइतकेच दोन नियमांनी घडवले. एक मैदानावरचा, ऑफसाइडचा. त्याने कुठे उभे राहायचे हे ठरवणारा. दुसरा कराराचा, त्याने कुठे नोकरी करायची हे ठरवणारा. पहिला नियम त्याच्या बाजूने बऱ्याच लवकर सैल झाला. दुसरा सैल व्हायला जवळजवळ शंभर वर्षे गेली, आणि त्या काळात गोलाची किंमत वाढत राहिली तरी गोल करणाऱ्याचा पगार त्या प्रमाणात वाढला नाही.

डिसेंबर १८६३ मध्ये असोसिएशनने केलेल्या पहिल्या नियमावलीत चेंडूच्या पुढे असलेला स्वपक्षाचा कोणताही खेळाडू खेळातून बाद समजला जाई. गोलाजवळ जाऊन चेंडूची वाट पाहणे त्यामुळे शक्यच नव्हते. एकाने चेंडू पायाशी घेऊन घुसायचे, इतरांनी त्याच्या मागे पळायचे आणि त्याच्याकडून चेंडू सुटला की तो उचलून पुढे न्यायचा, असा तो खेळ होता. १८६६ मध्ये नियम बदलला. पुढे असलेल्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिपक्षाचे किमान तीन जण असतील तर तो खेळात आहे, असे ठरले. चेंडू पुढे देण्याची वाट या बदलाने उघडली. तिचा उपयोग आधी स्कॉटिश खेळाडूंनी केला. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळ इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे होते. अंगाने ते इंग्रजांपेक्षा किरकोळ होते, म्हणून एकमेकांना चेंडू देत खेळले. सामना गोलशून्य राहिला, पण चेंडू देण्याची ती रीत लवकरच इंग्लंडच्या उत्तर भागात पोहोचली, आणि ती शिकवायला स्कॉटिश खेळाडूच पगारावर आणले गेले.

१८८०च्या दशकात संघाची रचना स्थिरावली: मागे दोन, मध्ये तीन, पुढे पाच. पुढच्या पाचांत मधला तो सेंटर फॉरवर्ड. आज त्याचे मुख्य काम गोल मारणे समजले जाते. तेव्हा ते दोन्ही बगलांना जोडून ठेवण्याचे होते. त्या काळचा सर्वांत नावाजलेला सेंटर फॉरवर्ड जी. ओ. स्मिथ ऑक्सफर्डचा पदवीधर आणि शाळामास्तर होता. तो हौशी खेळाडू होता आणि त्याची कीर्ती गोलांइतकीच अचूक पासांसाठी होती. इंग्लंडच्या संघात त्याच्या शेजारी उजव्या बाजूला स्टीव्ह ब्लूमर खेळे. ब्लूमर डर्बी काउंटीचा पगारी खेळाडू. गोलाच्या जवळ आल्यावर चेंडू सावरत न बसता लगेच फटका मारायचा, ही त्याची खासियत. २३ आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्याने २८ गोल केले आणि लीगमध्ये एकूण ३५२. स्मिथ आणि ब्लूमर एकाच संघात, एकाच ओळीत खेळत; पण एकाला खेळ सोडल्यावर शाळा होती आणि दुसऱ्याला खेळ हेच सर्वस्व होते. खेळण्याचे वय उलटल्यावर ब्लूमर जुलै १९१४ मध्ये प्रशिक्षक म्हणून बर्लिनला गेला. काही आठवड्यांतच महायुद्ध सुरू झाले आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला रूलेबेनच्या घोडदौडीच्या मैदानावर उभारलेल्या छावणीत डांबण्यात आले. तिथे कैद्यांच्या फुटबॉल सामन्यांत तो खेळला. सुटल्यावर त्याने पुन्हा प्रशिक्षणाचेच काम धरले, आणि १९२४ मध्ये त्याच्या हाताखालच्या रेआल उनियोन या संघाने स्पेनचा राजचषक जिंकला.

कराराची बेडी १८९०च्या दशकात पडली. खेळाडूची नोंदणी एका क्लबकडे झाली की त्या क्लबच्या संमतीशिवाय त्याला दुसरीकडे जाता येईना. करार सहसा एका मोसमाचा असे, पण मुदत संपली तरी क्लब खेळाडूला राखून ठेवू शकत असे. देऊ केलेला पगार त्याला मान्य नसेल तर त्याने बिनपगारी बसायचे. लीगमध्ये दुसरीकडे खेळण्याची मात्र मनाई. विकायचे ठरले तर किंमत क्लब घेणार. त्यावर १९०१-०२ च्या मोसमापासून कमाल वेतनाची मर्यादा आली: आठवड्याला ४ पौंड. कुशल कारागिराच्या कमाईशी तुलना केली तर ही रक्कम चांगली होती, पण खेळाडूची कमाई दहा-बारा वर्षांत आटोपते आणि कारागिराची चाळीस वर्षे चालते, हा फरक त्यात कुठेच धरलेला नव्हता.

खेळाडूची किंमत आणि त्याचा पगार यांतली विसंगती फेब्रुवारी १९०५ मध्ये सर्वांच्या डोळ्यांत भरली. मिडल्सब्रो हा क्लब खालच्या विभागात घसरण्याच्या बेतात होता. त्याने शेजारच्या संडरलँडकडून आल्फ कॉमन हा आघाडीचा खेळाडू १,००० पौंडांना विकत घेतला. एका खेळाडूसाठी चार आकडी रक्कम तोवर कधी मोजली गेली नव्हती, आणि माणसांची खरेदी-विक्री चालली आहे अशी टीका वर्तमानपत्रांतून झाली. पहिल्याच सामन्यात शेफील्ड युनायटेडच्या मैदानावर कॉमनने पेनल्टीवर एकमेव गोल केला. मिडल्सब्रोला परक्या मैदानावर जवळजवळ दोन वर्षांनी विजय मिळाला आणि क्लब वरच्या विभागात टिकला. हजार पौंड वसूल झाले. कॉमनचा पगार मात्र ४ पौंडांच्या मर्यादेतच राहिला. १९०८ मध्ये असोसिएशनने हस्तांतराच्या रकमेवर ३५० पौंडांची मर्यादा घालून पाहिली, पण क्लब पळवाटा काढू लागले आणि काही महिन्यांत ती मागे घ्यावी लागली. पगाराची मर्यादा मात्र कायम राहिली. क्लबांच्या दृष्टीने दोन्हींत मोठा फरक होता: एका मर्यादेने त्यांचे हात बांधले जात होते, दुसरीने खेळाडूंचे.

डिसेंबर १९०७ मध्ये मँचेस्टरला खेळाडूंची संघटना उभी राहिली. तिच्या मागे मुख्य माणूस होता मँचेस्टर युनायटेडचा वेल्श विंगर बिली मेरेडिथ, जो लहानपणापासून कोळशाच्या खाणीत राबलेला होता. १९०९ मध्ये संघटना सोडा नाहीतर करार रद्द होतील, अशी नोटीस असोसिएशनने दिली. बहुतेक क्लबांचे खेळाडू वाकले. युनायटेडचे वाकले नाहीत. ‘आउटकास्ट्स’ या नावाने ते एकत्र सराव करत राहिले. त्यांत सँडी टर्नबुल हा आघाडीचा खेळाडू होता. त्याच वर्षीच्या चषकाच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्याचा होता. शेवटी संघटनेला मान्यता मिळाली, पण इतर कामगार संघटनांच्या महासंघापासून दूर राहण्याच्या अटीवर; आणि पगाराची मर्यादा व राखून ठेवण्याचा हक्क दोन्ही शाबूत राहिले. टर्नबुल १९१७ मध्ये आरासच्या लढाईत मारला गेला.

मैदानावर याच सुमारास बचावपटूंनी ऑफसाइडचा नियम पुरता आपल्या कह्यात घेतला होता. गोलाआधी तीन प्रतिस्पर्धी हवेत म्हटल्यावर, गोलरक्षक आणि एक साथीदार मागे ठेवून दुसऱ्या बचावपटूने पुढे सरकले की झाले. समोरची सगळी फळी ऑफसाइड. न्यूकॅसलचा बिल मॅक्रॅकन या युक्तीसाठी प्रसिद्ध होता. पंचांची शिटी सतत वाजू लागली, सामने मधल्या अरुंद पट्ट्यात अडकून पडले आणि प्रेक्षक कंटाळू लागले. १९२५ मध्ये तिघांऐवजी दोघे पुरेत असा बदल झाला. लीगच्या चार विभागांत १९२४-२५ च्या मोसमात मिळून ४,७०० गोल झाले होते. पुढच्या मोसमात तितक्याच सामन्यांत ६,३७३ झाले. एका आकड्याने सेंटर फॉरवर्डचे जग बदलले. आता तो शेवटच्या बचावपटूच्या खांद्याला खांदा लावून उभा राहू लागला आणि चेंडू त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत पडू लागला.

बदल पचवण्यात आर्सेनल पुढे होता. व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी त्याच उन्हाळ्यात संडरलँडचा चार्ली बकन विकत घेतला. बकन तेव्हा चौतिशीला आला होता. संडरलँडला त्याचे ४,००० पौंड हवे होते, आर्सेनलला ते जास्त वाटत होते. शेवटी २,००० रोख आणि पहिल्या मोसमातल्या प्रत्येक गोलामागे १०० पौंड असे ठरले. बकनने २१ गोल केले आणि संडरलँडचा फायदाच झाला. गोलाला इतक्या उघडपणे दर लागल्याचे हे ठळक उदाहरण; पण तो दर दोन क्लबांमधला होता, गोल मारणाऱ्याच्या वाट्याला त्यातला काही आला नाही. न्यूकॅसलकडून ०-७ असा मार खाल्ल्यावर मधल्या फळीतला सेंटर हाफ मागे ओढून तिसरा बचावपटू करावा, हा आग्रह बकननेच धरला. त्यातून ‘स्टॉपर’ जन्माला आला, आणि पुढची तीस वर्षे सेंटर फॉरवर्डचे आयुष्य या एका माणसाशी झुंजण्यात गेले. लांबून किंवा बगलेवरून उंच आलेला चेंडू, दोघांची उडी, कोपरे, डोकी: कामाचे स्वरूपच शारीरिक झाले. गोलरक्षकाला खांद्याने धक्का देणेही तेव्हा नियमात बसत असे.

हे काम विल्यम राल्फ डीन याच्याइतके कोणाला साधले नाही. लोक त्याला ‘डिक्सी’ म्हणत. १९०७ मध्ये बर्कनहेडला जन्मलेला हा मुलगा मार्च १९२५ मध्ये ट्रॅनमिअर रोव्हर्सकडून ३,००० पौंडांना एव्हर्टनमध्ये आला, म्हणजे नियम बदलण्याच्या अगदी तोंडावर. १९२६ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याची कवटी आणि जबडा मोडला. तो पुन्हा खेळेल याची डॉक्टरांना खात्री नव्हती. काही महिन्यांत तो मैदानात होता आणि डोक्याने गोलही करत होता. १९२६-२७ मध्ये मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेलने दुसऱ्या विभागात ५९ गोलांचा विक्रम केला. पुढच्याच मोसमात शेवटच्या सामन्याआधी डीनचे ५७ झाले होते. ५ मे १९२८ रोजी गुडिसन पार्कवर आर्सेनलविरुद्ध त्याने तीन केले, शेवटचा अखेरच्या काही मिनिटांत, डोक्याने. एकोणचाळीस सामन्यांत ६० गोल. इंग्लंडच्या वरच्या विभागात त्यानंतर कोणी या आकड्याच्या जवळही गेलेले नाही. चार्ली बकनचा लीगमधला तो शेवटचा सामना होता.

डीनने एव्हर्टनसाठी लीगच्या ३९९ सामन्यांत ३४९ गोल केले आणि १९३६ मध्ये ब्लूमरचा ३५२ गोलांचा कारकिर्दीचा विक्रम मागे टाकला. चषकाच्या अंतिम सामन्यात खेळाडूंच्या पाठीवर आकडे प्रथम आले ते १९३३ मध्ये: एव्हर्टनला १ ते ११, मँचेस्टर सिटीला १२ ते २२. डीनच्या पाठीवर ९ होता, आणि त्या सामन्यात त्याने गोलही केला. नऊ नंबर आणि सेंटर फॉरवर्ड हे समीकरण तिथून रूढ झाले. हजारो प्रेक्षक ज्याच्यासाठी तिकीट काढत त्या माणसाचा पगार १९२२ पासून ठरलेला होता: मोसमात आठवड्याला ८ पौंड, उन्हाळ्यात ६. संघातल्या इतर कायम खेळाडूंना मिळे तितकाच. १९३८ मध्ये एव्हर्टनने त्याला नॉट्स काउंटीकडे दिले. पुढे आयर्लंडमध्ये थोडे खेळून तो थांबला. मग चेस्टरमध्ये त्याने मद्यगृह चालवले, नंतर एका कंपनीत साधी नोकरी केली. १ मार्च १९८० रोजी गुडिसन पार्कवर एव्हर्टन-लिव्हरपूल सामना पाहत असताना त्याचे निधन झाले.

याच गुडिसन पार्कवर २६ डिसेंबर १९२० रोजी महिलांच्या एका सामन्याला ५३,००० प्रेक्षक आले होते. खेळणारा संघ होता प्रेस्टनच्या ‘डिक, कर’ कारखान्यातल्या कामगार मुलींचा. त्यांची सर्वांत नामांकित खेळाडू लिली पार डाव्या बगलेवरून पुरुषांनाही धडकी भरवणारे फटके मारी. वर्ष उलटायच्या आत, ५ डिसेंबर १९२१ रोजी, फुटबॉल असोसिएशनने महिलांच्या सामन्यांना आपल्या क्लबांची मैदाने बंद केली. खेळ महिलांना मानवत नाही हे एक कारण दिले गेले आणि धर्मादाय निधीच्या हिशेबांकडेही बोट दाखवले गेले. पार १९५१ पर्यंत उद्यानांत आणि कोपऱ्यातल्या मैदानांवर खेळत राहिली आणि तिने मनोरुग्णालयात परिचारिका म्हणून पोट भरले. गोल करून जगण्याचा हक्क इंग्लंडने निम्म्या लोकसंख्येला पन्नास वर्षे नाकारला. बंदी उठली ती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि वरच्या विभागातल्या सर्व क्लबांनी महिला खेळाडूंना पूर्णवेळ नोकरी द्यायला २०१८ उजाडले. या पेशाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा अन्याय आहे.

डीनची जागा घेणारा टॉमी लॉटन एव्हर्टनमध्ये आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. सलग दोन मोसम तो लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला, आणि १९३९ मध्ये एव्हर्टनने विजेतेपद मिळवले तेव्हा त्याला वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. मग युद्ध आले आणि लीग सात वर्षे बंद राहिली. आघाडीच्या खेळाडूची जी वर्षे सोन्याची, ती लॉटनची प्रदर्शनी सामन्यांत गेली. १९४७ मध्ये नॉट्स काउंटी या तिसऱ्या विभागातल्या क्लबने त्याला २०,००० पौंडांना घेतले, तेव्हाच्या ब्रिटिश विक्रमी किमतीला. इंग्लंडचा सेंटर फॉरवर्ड तिसऱ्या विभागात जातो हे कोड्यात टाकणारे होते, पण पगाराची मर्यादा सर्व विभागांना सारखीच असल्यावर खेळाडू मैदानाबाहेरच्या नोकरीच्या आश्वासनाकडे पाहणारच. उतारवयात लॉटनला बेकारी आणि कर्ज दोन्ही भोगावे लागले. १९७२ मध्ये त्याच्या मदतीसाठी गुडिसन पार्कवर सामना भरवावा लागला.

बोल्टनच्या नॅट लॉफ्टहाउसने युद्धकाळात सरकारी हुकमाने खाणीत कोळसा उपसला आणि पुढे इंग्लंडसाठी ३३ सामन्यांत ३० गोल केले. २५ मे १९५२ रोजी व्हिएन्नात ऑस्ट्रियाविरुद्ध विजयी गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला. ‘व्हिएन्नाचा सिंह’ हे नाव त्याला तेव्हापासून चिकटले. स्टॉपरशी झुंजणाऱ्या या परंपरेतला तो शेवटचा थोर खेळाडू म्हणता येईल. कारण दीड वर्षातच, २५ नोव्हेंबर १९५३ रोजी, हंगेरीने वेम्ब्लीवर येऊन इंग्लंडला ६-३ असे हरवले. हंगेरीच्या पाठीवर नऊ नंबर लावलेला नांदोर हिदेगकुटी पुढे उभाच राहिला नाही. तो मागे मध्यात खेळला. इंग्लंडचा सेंटर हाफ हॅरी जॉन्स्टन याला त्याच्या मागे जावे तर बचावात खिंडार पडे, जागेवर थांबावे तर हिदेगकुटी मोकळा राही. पहिल्या मिनिटातच त्याने गोल केला आणि एकूण तीन केले. नऊ नंबर म्हणजे अमुक जागा, हे समीकरण त्या दुपारी मोडले.

मैदानावर मोकळीक वाढत असताना कराराची बेडी तशीच होती. १९५८ पासून कमाल पगार २० पौंड होता, सामान्य कामगाराच्या मिळकतीपेक्षा फारसा जास्त नाही. इटलीत तशी मर्यादा नव्हती. १९५७ मध्ये लीड्सचा वेल्श खेळाडू जॉन चार्ल्स ६५,००० पौंडांना युव्हेंटसकडे गेला, पहिल्याच मोसमात २८ गोल करून त्याने क्लबला विजेतेपद मिळवून दिले, आणि घरी राहिलेल्यांना आपण काय गमावतो आहोत ते दिसले. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली संघटनेने संपाची नोटीस दिली आणि जानेवारी १९६१ मध्ये पगाराची मर्यादा संपली. राखून ठेवण्याचा हक्क मोडला तो न्यायालयात. न्यूकॅसलचा आघाडीचा खेळाडू जॉर्ज ईस्टहॅम याला क्लब सोडायचा होता आणि क्लब सोडेना. त्याने खेळ थांबवून लंडनजवळ बुचांच्या धंद्यात विक्रेत्याची नोकरी धरली. अखेरीस क्लबने त्याला आर्सेनलला विकले, पण त्याने खटला चालूच ठेवला. आपले काम झाल्यावरही इतरांसाठी लढणाऱ्या या माणसाचे ऋण सर्वच खेळाडूंवर आहे. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही पद्धत उपजीविकेच्या स्वातंत्र्यावरचे गैरवाजवी बंधन असल्याचा निकाल दिला. तरी पूर्ण मुभा मिळायला १९७८ उजाडले, आणि करार संपल्यावर मोबदल्याशिवाय क्लब बदलण्याचा हक्क युरोपीय न्यायालयाने बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मन यांच्या खटल्यात १५ डिसेंबर १९९५ रोजी दिला.

संक्रमणाच्या या काळात जिमी ग्रीव्ह्ज खेळला. चेल्सीसाठी १९६०-६१ मध्ये ४१ गोल, मग ८०,००० पौंडांना मिलान, तिथली शिस्त न मानवल्याने काही महिन्यांत परत, आणि टॉटनहॅम. लाख पौंडांचा पहिला खेळाडू हे ओझे त्याच्यावर नको म्हणून व्यवस्थापक बिल निकोल्सन यांनी ९९,९९९ पौंड दिले. बचावपटूशी झटापट न करता मोकळी जागा हेरून चेंडू हळूच जाळ्यात सरकवणारा असा खेळाडू इंग्लंडमध्ये दुसरा झाला नाही. वरच्या विभागात त्याने ३५७ गोल केले आणि सहा वेळा मोसमातले सर्वाधिक. १९६६ च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध त्याची नडगी फाटली. त्याच्या जागी आलेल्या जेफ हर्स्टने अंतिम सामन्यात तीन गोल केले. बदली खेळाडू उतरवण्याची सोय नसल्याने ग्रीव्ह्ज बाकावरून उठू शकला नाही. ३१ व्या वर्षी त्याने लीग सोडली आणि पुढची काही वर्षे दारूने व्यापली. ते त्याने स्वतः जाहीर सांगितले, दारू सोडली आणि दूरचित्रवाणीवर दुसरी कारकीर्द घडवली.

दुखापत या पेशात रोजचीच, पण गुडघ्याची दुखापत म्हणजे दीर्घकाळ नोकरीचा शेवटच होता. २६ डिसेंबर १९६२ रोजी संडरलँडचा ब्रायन क्लफ बरी क्लबच्या गोलरक्षकावर आदळला आणि गुडघ्यातले अस्थिबंध तुटले. तोवर त्याचे लीगमध्ये अडीचशेच्या आसपास गोल झाले होते, तेही पावणेतीनशे सामन्यांत. वय २७. पुढे तीनच सामने तो खेळू शकला. व्यवस्थापक झालेल्या याच क्लफने फेब्रुवारी १९७९ मध्ये ट्रेव्हर फ्रान्सिस हा आघाडीचा खेळाडू नॉटिंगहॅम फॉरेस्टसाठी घेतला, ब्रिटनमधला दहा लाख पौंडांचा पहिला व्यवहार. त्याच मे महिन्यात युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात एकमेव गोल फ्रान्सिसने डोक्याने केला.

डिसेंबर १९९२ मध्ये ब्लॅकबर्नच्या अॅलन शिअररच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला तेव्हा शस्त्रक्रिया पुढे गेलेली होती. पुढच्या मोसमात त्याने ३१ गोल केले आणि त्यानंतरच्या मोसमात ३४, ज्यावर ब्लॅकबर्नने विजेतेपद जिंकले. नियमही आघाडीच्या खेळाडूकडे झुकत होते: १९९० पासून शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबरीत असलेला खेळाडू ऑफसाइड राहिला नाही, आणि १९९२ पासून साथीदाराने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येईना. १९९६ मध्ये शिअरर दीड कोटी पौंडांना आपल्या गावच्या न्यूकॅसलमध्ये परतला, जगातल्या तोवरच्या सर्वांत मोठ्या किमतीला. त्याचे वडील पत्र्याचे काम करणारे कामगार. डीनच्या पिढीत आणि त्याच्या पिढीत घराण्याची परिस्थिती फारशी वेगळी नव्हती, वेगळा होता तो करार. २००६ मध्ये तो थांबला तेव्हा प्रीमियर लीगमध्ये त्याचे २६० गोल होते, आणि पोटासाठी मद्यगृह काढण्याची त्याला गरज नव्हती.

एकविसाव्या शतकात एकच स्ट्रायकर पुढे ठेवण्याची रीत पडली, आणि काही संघांनी तोही ठेवला नाही. पेप ग्वार्दिओला यांनी मे २००९ मध्ये रेआल माद्रिदविरुद्ध लिओनेल मेस्सीला मध्यात मागे खेळवून ६-२ असा विजय मिळवला. हिदेगकुटीच्याच वाटेवरची ती चाल होती. त्याच ग्वार्दिओलांच्या मँचेस्टर सिटीत २०२२-२३ मध्ये अर्लिंग हालांडने जुन्या पद्धतीने गोलासमोर उभे राहून ३५ सामन्यांत ३६ गोल केले आणि प्रीमियर लीगचा विक्रम मोडला. ऑफसाइडचा निर्णय २०१९ पासून एप्रिल २०२५ पर्यंत तिथे पडद्यावर रेषा आखून होत असे. खांद्याच्या टोकावरून गोल रद्द होतात, आणि स्ट्रायकरला आपली धाव पूर्वीपेक्षा बारीक मोजावी लागते.

डोक्याचा हिशेब सर्वांत उशिरा झाला. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचा जेफ अॅस्टल डोक्याने गोल करण्यात वाकबगार होता. १९६८ च्या चषकात त्याने प्रत्येक फेरीत गोल केला, अंतिम सामन्यातलाही एकमेव गोल त्याचाच. निवृत्तीनंतर त्याने खिडक्या साफ करण्याचा व्यवसाय केला. जानेवारी २००२ मध्ये, ५९ व्या वर्षी, स्मृतिभ्रंशाच्या आजाराने तो गेला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने तो व्यवसायजन्य रोग ठरवला: वर्षानुवर्षे चेंडू डोक्याने मारल्याने मेंदूला इजा झाली होती. गिरणी आणि खाण कामगारांच्या बाबतीत वापरला जाणारा शब्द इथे प्रथमच फुटबॉलला लागला. कुटुंबाने पाठपुरावा सोडला नाही. २०१४ मध्ये डॉ. विली स्ट्यूअर्ट यांनी मेंदू पुन्हा तपासला आणि मुष्टियोद्ध्यांत आढळणाऱ्या व्याधीची लक्षणे त्यात दिसली. २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या त्यांच्याच गटाने स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी पाहिल्या. मेंदूच्या ऱ्हासाने मृत्यू येण्याचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या साडेतीन पट निघाले. पुढच्या विश्लेषणात धोका बचावपटूंना सर्वांत जास्त दिसला. सेंटर फॉरवर्ड ज्या स्टॉपरशी आयुष्यभर हवेत झुंजला, त्याच्या वाट्याला त्याहून वाईट भोग आला होता.

२०२१-२२ च्या मोसमापासून इंग्लंडमध्ये सरावात जोरदार हेडरची मर्यादा आठवड्याला दहा ठेवण्यात आली. २०२४-२५ पासून सात ते अकरा वर्षांखालच्या मुलांच्या सामन्यांतून डोक्याने चेंडू मारणे टप्प्याटप्प्याने बंद करण्यास असोसिएशनने सुरुवात केली.